करडईची फुलं उकळून लाल रंग का येत नाही, आणि दोन एकरातून रंग-तेल दोन्ही निघेल का

प्रश्न थोडक्यात असा आहे. धाराशिवकडच्या एका दादांकडे दोन एकर काळं रान आहे, कोरडवाहू, आणि ते पुण्यातली नोकरी सोडून गावी आलेत. मागच्या रब्बीत ज्वारीच्या कडेनं करडई लावली, फुलं आली तशी तोडून पातेल्यात अर्धा तास उकळली, पाणी पिवळंजर्द झालं पण लाल काही दिसला नाही. यंदा दोन्ही एकर करडईच करायची, पाकळ्या रंगासाठी विकायच्या आणि बी लाकडी घाण्यावर गाळून तेल विकायचं असं त्यांच्या डोक्यात आहे. जमेल का, वाण कुठला घेऊ, आणि जाता जाता एक ओळ अशी की पाकळ्या सुकल्यावर केशरासारख्या दिसतात, त्याचं काही मार्केट आहे का.

मी बार्शीकडची. आमच्यात करडी म्हणतात, पण इथं करडईच लिहिते. भाऊ घाणा चालवतो आणि मी नऊ-दहा वर्षं नैसर्गिक रंगाचं काम करते, त्यामुळे हे भांडण आमच्या घरातच आहे, त्याला बी पाहिजे आणि मला पाकळ्या. म्हणून सरळ सांगते, झाड दोन्ही देतं, त्यात खोटं काही नाही, अडतं ते वेचणीला. तुमच्या घरात जानेवारी-फेब्रुवारीत दिवसाआड सकाळी काट्यात हात घालायला किती माणसं आहेत यावर तुमचं सगळं गणित बसलंय. ते पुढं सांगते, आधी रंगाचं बघू कारण तिथं दोन-तीन चुका एकदम झाल्यात.

तुम्ही बहुतेक पळसाच्या हिशोबानं गेलात. रंगपंचमीला पळसाची फुलं उकळली की केशरी पाणी मिळतं, मग करडईचं पण तसंच असेल असं कोणालाही वाटेल. करडईच्या पाकळीत मात्र दोन वेगळे रंग असतात आणि दोघांचा स्वभाव एकदम उलटा. पिवळा पाण्यात लगेच विरघळतो आणि भरपूर असतो, सुक्या पाकळीच्या वजनाच्या पाव भागापर्यंत. लाल, म्हणजे ज्याला कार्थामिन म्हणतात तो, साध्या पाण्यात विरघळत नाही, खारात, म्हणजे सोडा-राखेसारख्या अल्कधर्मी पाण्यात, विरघळतो आणि उष्णता अजिबात सहन करत नाही. आणि असतो किती, तर अर्धा टक्का धरा, बऱ्याचदा त्याहून कमीच. तुम्ही उकळल्यावर पिवळा बाहेर आला आणि लाल जागेवरच मेला. मी तर उन्हाळ्यात हे काम दुपारी करतच नाही, टाकीतलं तापलेलं पाणी हाताला कोमट लागलं तरी नको वाटतं.

दुसरी चूक फुलं तोडायच्या वेळेची असणार. करडईचं फूल उमलतं तेव्हा पिवळं असतं, मग तीन-चार दिवसांत नारिंगी होतं आणि कोमेजताना लाल. लाल रंग पाकळीत तयारच होतो तो या कोमेजण्यात. तुम्ही ताजी पिवळी टवटवीत फुलं तोडली असतील तर त्यात लाल फारसा नव्हताच, उकळा नाहीतर नका उकळू. आणि यात शेतकऱ्याचा फायदा असा की पाकळी कोमेजेपर्यंत परागीभवन उरकलेलं असतं, त्यामुळे नुसती पाकळी ओढून घेतली तर बी भरायला काही अडत नाही. रंग आणि तेल एकाच झाडातून निघतं ते या कारणानं. फक्त पाकळीच ओढायची, बोंड खुडायचं नाही.

आता काढायचं कसं, मी करते तसं सांगते. १०० ग्रॅम सावलीत सुकवलेल्या पाकळ्या मलमलच्या पिशवीत बांधायच्या, थंड पाण्यात रात्रभर ठेवायच्या. सकाळी पिशवी कणीक मळतो तशी मळायची, पाणी बदलायचं, परत मळायची. सहा, सात, कधी दहा वेळा, पाणी जवळपास स्वच्छ येईपर्यंत. या पाण्यात चमचाभर व्हिनेगर टाकलं तर बरं. का, तर पहिल्या वर्षी मी हे सगळं आमच्या बोअरच्या पाण्यात केलं. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड आणि थोडं खारवटच असतं, पिवळ्याबरोबर लाल पण थोडा थोडा निघून गेला आणि शेवटी कापडावर आला तो असा कसातरी फिकट, आजारी माणसाच्या ओठासारखा गुलाबी. दोन किलो पाकळ्या गेल्या त्यात. तेव्हापासून पावसाचं साठवलेलं नाहीतर आरओचं पाणी वापरते.

पिवळा निघाला की पिशवी पिळून घ्यायची आणि लिटरभर पाण्यात दहा-पंधरा ग्रॅम धुण्याचा सोडा विरघळवून त्यात मळायची. धुण्याचा सोडा म्हणतेय, खाण्याचा नाही, त्यानं पीएच तेवढा चढत नाही. आमच्या आधीचे लोक हेच काम सज्जीखारानं नाहीतर राखेच्या निवळीनं करायचे. पाणी तपकिरी-लालसर होतं, बघून काही आशा वाटत नाही, पण अर्ध्या तासात पुढं जायचं, खारात जास्त वेळ ठेवला तर लाल बिघडतो. पिशवी काढून घ्या, पाण्यात ओलं करून पिळलेलं सुती कापड टाका आणि मग लिंबाचा रस किंवा लिंबूसत्त्वाचं पाणी थोडं थोडं घाला. फसफस फेस येतो आणि त्या मळक्या पाण्याचा रंग तुमच्या डोळ्यासमोर फिरतो, एकदम चेरीसारखा लाल. दहा वर्षं झाली, अजून मी त्या वेळी कुणाला तरी हाक मारते बघायला. भाऊ आता येत नाही. कापड दोन-तीन तास फिरवत ठेवा, शेवटी थोड्या आंबट पाण्यात खळबळून सावलीत वाळवा. तुरटी-बिरटी काही लागत नाही, लाल सुतावर थेट बसतो.

एक गंमत अशी की सूत फक्त लाल घेतं, पिवळा घेत नाही, रेशीम दोन्ही घेतं. म्हणून रेशमावर तुम्हाला नारिंगीकडे झुकलेला रंग मिळेल, निव्वळ गुलाबी पाहिजे असेल तर आधी जुन्या सुती कापडावर लाल पकडायचा, मग ते कापड परत सोड्याच्या पाण्यात बुडवून रंग सोडवून घ्यायचा आणि त्यात रेशीम रंगवायचं. खटपट आहे पण रंग काय येतो म्हणून सांगू.

किती पाकळ्या लागतात तर १०० ग्रॅम कापडाला १०० ग्रॅम सुक्या पाकळ्या घेतल्या तर गुलाबी मिळतो. जुन्या वर्णनांतला तो कुसुंबी, गडद लाल पाहिजे असेल तर तिप्पट-चौपट आणि तीन-चार वेळा बुडवणं. कुसुंभ हे संस्कृत नाव करडईचंच, आणि आमच्या सोलापुरात कानडी बोलणारे लोक आजही करडईला कुसुबीच म्हणतात, म्हणजे रंगाचं नाव तिकडं तेलाच्या पिकाला राहून गेलं. एकोणिसाव्या शतकात ढाक्याची सुकवलेली करडई विलायतेला जायची, चांगला माल म्हणून नाव होतं. मग १८५६ मध्ये पर्किन नावाच्या इंग्रज रसायनशास्त्रज्ञानं कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग काढला, त्याच्यामागोमाग स्वस्त लाल-गुलाबी रंग आले आणि हा धंदा बसला. जपानात यामागाता भागात मात्र अजून करडईचा लाल काढतात, ओठाला लावायचा बेनी त्याचाच.

धंदा बसला त्यात नुसती किंमत नव्हती हेही मान्य करायला पाहिजे. हा रंग टिकत नाही. उन्हात वाळत घातला तर उडतो, साबणात धुतला तर साबणाच्या खारात निघून जातो, म्हणजे ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं गेला. मी ओढणी विकताना गिऱ्हाइकाला लिहून देते की रिठ्यानंच धुवा आणि सावलीतच वाळवा, तरी दोन वर्षांनी फिकट होईल. काहींना त्यातच मजा वाटते. काही परत पाठवतात. तुम्ही कापडवाल्याला पाकळ्या विकणार असाल तर हे त्याला माहीत आहे का ते आधी विचारा, नाहीतर पहिल्या लॉटनंतर तो फोन उचलणार नाही.

आता वेचणी, म्हणजे मुख्य मुद्दा. चांगल्या पिकात हेक्टरी ७५ ते १०० किलो सुक्या पाकळ्या निघतात असं म्हणतात, म्हणजे एकरी ३०-४० किलो. ते खरं आहे पण ते सगळी फुलं वेळेवर वेचली तर. आमच्याकडे बिनकाट्याच्या अर्ध्या एकरात चार बायका सकाळी तीन तास वेचतात, ओल्या पाकळ्या भरतात तीन किलोच्या आसपास आणि सुकून पाऊण किलोच्या आत येतात. चौघींची अर्ध्या दिवसाची मजुरी तुमच्या गावच्या दरानं लावा आणि पाऊण किलोनं भागा. मला तो आकडा किलोला हजाराच्या वर गेला होता आणि एका व्यापाऱ्यानं त्या वर्षी देऊ केलेला भाव त्याच्या निम्मा पण नव्हता. बरं, एकदा वेचून भागत नाही, फुलं महिनाभर मागंपुढं येत राहतात, एका आड एक दिवस फेरी मारावी लागते. आणि हे सगळं ज्वारीची काढणी आणि हरभरा तोंडावर आलेला असताना.

एकरी ४० किलो पाकळ्या धरल्या तरी त्यातला लाल रंग १५०-२०० ग्रॅम. एवढाच. मोबाईलवर करडईचे व्हिडिओ टाकणारे हे सांगत नाहीत.

म्हणून माझं मत, दोन एकरापैकी पाच-सहा गुंठेच पाकळ्यांसाठी ठेवा, बाकी सरळ तेलासाठी. तेवढ्या गुंठ्यातलं घरच्या दोन माणसांना झेपतं. पाकळ्या काळजीपूर्वक वेचल्या, लाल झालेल्याच घेतल्या आणि त्याच दिवशी सावलीत पातळ पसरून सुकवल्या तर रंगकाम करणारे लोक चांगला भाव देतात, मी पण देते. ढीग करून ठेवल्या की आतून तापतात आणि तपकिरी होतात, तो माल मी परत पाठवते. फलटणच्या निंबकर संस्थेनं पाकळ्या ओढून घ्यायचं पाठीवरचं मशीन केलेलं आहे, पण पाच गुंठ्याला त्याची गरज नाही. अपवाद असा की तुमच्याकडे बचत गट वगैरे असेल, बायका वेचणीत वाटेकरी म्हणून येत असतील, रोजानं नाही, तर गणित बदलतं. ते तुम्हालाच माहीत.

वाणाचं पण यावरूनच ठरतं. पाकळ्यांच्या पट्ट्याला बिनकाट्याचा घ्या, नारी-६ आहे, पीबीएनएस-४० आहे. काटेरी करडईत पाकळ्या वेचायला मी एकदाच गेले, बोटाला दोरा गुंडाळून, संध्याकाळी भाकरी थापता येईना. तेलाच्या रानात मात्र काटेरीच लावा, भीमा, परभणी कुसुम किंवा फुले कुसुमा, जे बियाणं खात्रीचं मिळेल ते. काटा असला की मोकाट जनावर आत शिरत नाही, म्हणून तर आपल्याकडे शाळूच्या कडेनं करडईच्या ओळी टाकायची पद्धत आहे, तुम्ही केलंत तसं. काढणी पहाटे दव असताना करतात, काटे मऊ पडतात, नाहीतर सरळ हार्वेस्टर लावा. करडईचं बी बोंडातून झडत नाही त्यामुळे हार्वेस्टरला हे पीक सोपं जातं, मजुरांनी तर आता काटेरी करडई कापायला यायचं सोडूनच दिलंय.

पेरणी कोरडवाहूत सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उरका. उशीर झाला की मावा गाठतो. काळा मावा असतो करडईवर, दिवाळीनंतर थंडी आणि ढगाळ हवा मिळाली की शेंडे काळे दिसायला लागतात आणि पानं चिकट. आमचा एका वर्षी परतीचा पाऊस लांबला, पेरणी नोव्हेंबरात गेली आणि भाऊ डिसेंबरभर पंप पाठीवर घेऊन फिरत होता. फवारलेल्या रानातल्या पाकळ्या मी घेत नाही, चहासाठी घेणारे तर त्याहून घेणार नाहीत, म्हणजे फवारून तेलाचं पीक बरंचसं वाचतं पण पाकळ्या पूर्णच जातात. एकरी चार-पाच किलो बी बास होतं, ४५ सेंटीमीटरच्या ओळी. पंधरा-वीस दिवसांनी विरळणी कराल तेव्हा उपटलेली रोपं फेकू नका, करडईची कोवळी भाजी आठवडी बाजारात हातोहात जाते. मुगाची डाळ, लसूण, हिरवी मिरची. तुमच्या दोन एकरातला पहिला पैसा तोच असणार.

तेलाचं गणित सोपं आहे पण व्हिडिओत दाखवतात तेवढं गोड नाही. करडईच्या बीत जवळपास निम्मं टरफल, तेल वाणाप्रमाणे २८ ते ३५ टक्के. लाकडी घाण्यावर ते सगळं निघत नाही, आमच्याकडे चार किलो बियांना साधारण एक किलो तेल धरतो. कोरडवाहूत एकरी तीन-चार क्विंटल बी धरा, दोन एकराचे सात क्विंटल, म्हणजे १७५ किलो तेल आणि बाकीची पेंड. २०२५-२६ च्या रब्बीत पेरलेल्या करडईचा हमीभाव क्विंटलला ६,५४० रुपये ठरला, त्या भावानं एक किलो तेलात नुसतं बीच २६० रुपयांचं गेलं. वर घाणावळ, बाटली, लेबल. त्याच्या पुढं तुम्ही काय दरानं विकू शकता ते तुमच्या ओळखीपाळखीवर आहे, पुण्यातले जुने ऑफिसवाले गिऱ्हाईक होत असतील तर बरंच बरं. पेंड टरफलासकट असते म्हणून जनावराला बेतानंच घालतात. आणि खाद्यतेल सुटं विकायला बंदी आहे, एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं, रजिस्ट्रेशन काढून पॅक करूनच विका.

तेल घेणाऱ्याला एक गोष्ट तुम्ही स्वतःहून सांगा. आपल्या नेहमीच्या करडईच्या तेलात लिनोलिक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं, हृदयाला चांगलं म्हणून जी जाहिरात होते ती त्याच्याच जोरावर. पण तेच आम्ल हवेत आणि आचेवर लवकर बदलतं. घरी कढईच्या कडेला करडईच्या तेलाचा पिवळट चिकट थर बसतो, काथ्यानं घासला तरी निघत नाही, तो हाच प्रकार, तेल वाळून व्हार्निश झालेलं असतं. खरोखरच हे वाळणारं तेल आहे, रंग आणि व्हार्निशमध्ये वापरतात, जवसापेक्षा कमी पिवळं पडतं म्हणून. म्हणजे फोडणी, भाजी, चटणीवर कच्चं तेल, यासाठी उत्तम, दिवाळीच्या तळणाला आणि तेच तेल परत परत तापवायला नाही. घाण्याचं तेल स्टीलच्या पिंपात तीन-चार दिवस निवळू द्या, अंधारात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांत संपेल एवढंच एका वेळी गाळा. बी वर्षभर टिकतं, तेल खवट होतं. आमच्या घाण्याचं पहिल्या वर्षीचं ८० किलो तेल एप्रिलच्या उन्हात पारदर्शक बाटल्यांत काउंटरवर मांडलं होतं, छान दिसत होतं. जूनमध्ये परत आलं ते बरंचसं.

केशराचं विचारलंत म्हणून, हो, मार्केट आहे, भेसळीचं. त्यात पडू नका. ओळखणाऱ्याला पकडायला दोन मिनिटं लागतात: कोमट पाण्यात टाकलं की केशराची काडी एका टोकाला तुतारीसारखी रुंद होते, करडईची पाकळी म्हणजे बारीक नळी, तोंडाला पाच फाटे. पाकळ्या करडईच्याच नावानं चहासाठी विकता येतात, पण गरोदर बाईनं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणाऱ्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नयेत हे पाकिटावर छापा.

तर सध्या एवढं करा की बियाणं दोन प्रकारचं घ्या, पाच-सहा गुंठे बिनकाट्याचं विहिरीजवळ किंवा घराजवळ, बाकी काटेरी. पावसाचं पाणी एखाद्या पिंपात आत्ताच धरून ठेवा, फेब्रुवारीत मिळणार नाही. आणि ते उकळलेलं पिवळं पाणी सुकवून बिकवून ठेवलं असेल, किंवा राहिलेल्या पाकळ्या असतील, तर टाकू नका. तुरटीत भिजवलेल्या रेशमावर किंवा लोकरीवर तो पिवळा चांगला बसतो, एखादा जुना रेशमी ब्लाउजपीस घेऊन करून बघा. सुतावर करू नका, एका धुण्यात जाईल.